बाहेरचा पैसा, गावचा खिसा

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिलं होतं की कोल्हापूर जसं ऊस, गूळ आणि फौंड्रीवर जगतं, तसंच ते शिकायला आणि औषधपाण्याला येणाऱ्या माणसांवरही जगतं. दवाखाने आणि कॉलेजांमुळं शहर वाढतं, असं एक वाक्य त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतली आहेत. दोघांनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. मी राजारामपुरीत वाढले आणि इथल्याच एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा उत्तरांत पुस्तकापेक्षा गल्ली जास्त दिसेल.

प्रश्न : आमची राजारामपुरीत खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केली, आता मी चालवते. बसून जेवणारी मुलं आणि दोन वेळचे डबे. बहुतेक सगळी विद्यापीठात नाहीतर जवळच्या कॉलेजांत शिकणारी. मुलगा इंजिनिअर झालाय. तो म्हणतो, ‘आई, हा काय धंदा आहे का? धंदा म्हणजे एमआयडीसीत शेड टाकणं.’ शहराच्या अर्थव्यवस्थेत आमच्यासारख्यांची मोजदाद होते का?
— खानावळचालक, राजारामपुरी

ताई, मुलाला शेजारी बसवा आणि हे वाचून दाखवा. शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेला इंजिनाचा भाग बाहेरच्या मोटार कंपनीकडं जातो आणि तिचा पैसा इकडं येतो. हुपरीचे पैंजण परराज्यात जातात आणि तिथला पैसा हुपरीत येतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातला बाप मुलीच्या खात्यावर महिन्याचा खर्च टाकतो आणि त्यातला मोठा भाग तुमच्या खानावळीत येतो. पहिल्या दोन ठिकाणी माल बाहेर जातो, तिसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक चालत इथं येतं, एवढाच फरक. शहराच्या दृष्टीनं तिन्हींचा अर्थ एकच, बाहेरचा पैसा आत आला. गावातल्या गावात फिरणारा पैसा नुसता हात बदलतो. शहर वाढतं ते बाहेरून येणाऱ्या पैशावर.

आणि हा धंदा आजचा नाही. राजाराम कॉलेज १८८० चं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. महाराजांच्या मनात शिक्षण होतं, व्यापार नव्हता. पण खेड्यातलं पोरगं शिकायला कोल्हापुरात राहतं, ही सवय या मुलखाला त्या बोर्डिंगांनी लावली. पुढं १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले आणि सागरमाळावर साडेआठशे एकरांचा परिसर उभा राहिला. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या कॉलेजांची परीक्षा, पदवी, संशोधन सगळं या माळावरून चालायचं. २००४ मध्ये सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं, तरी सातारा आणि सांगलीची मुलं आजही इकडंच येतात.

मी ज्या घरात वाढले त्या घराच्या मागच्या दोन खोल्या आईनं विद्यार्थ्यांना दिल्या होत्या. शेती कॉलेजची मुलं असायची. वडिलांच्या पगारात घर चालायचं आणि खोल्यांच्या भाड्यात आम्हा बहिणींची फी भरली जायची. त्या भाड्याची नोंद कुठल्याही उद्योगाच्या आकडेवारीत नव्हती, पण त्यावर तीन मुली शिकल्या. तुमच्या गल्लीत आज ‘कॉट बेसिस’च्या पाट्या दिसतात, त्या प्रत्येक पाटीमागं असंच एक घर आहे. अनेकदा एकट्या राहिलेल्या बाईचं.

आता तुमच्या खानावळीचा पैसा कुठं जातो ते पाहू. समजा, एक मुलगा महिन्याला ३,००० रुपये देतो. धान्य लक्ष्मीपुरीतून येतं, भाजी कपिलतीर्थ मार्केटातून, दूध गोकुळचं. भाजी करवीर-हातकणंगल्याच्या मळ्यातली, दूध जिल्ह्यातल्याच गोठ्यांतलं. चपात्या लाटायला येणाऱ्या बायका जवळपासच्याच, त्यांचा पगार त्यांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जातो. जिल्ह्याबाहेर जातं ते तेल, डाळ, गॅस. फौंड्रीचं चित्र वेगळं आहे. तिला लोखंड, कोक, यंत्रं बाहेरून आणावी लागतात. ती एकूण पैसा तुमच्यापेक्षा कितीतरी पट जास्त आणते आणि मी तिला कमी लेखणार नाही, या शहराला हुन्नर तिनंच दिला. पण आलेल्या रुपयातले किती पैसे इथंच मुरतात, हा प्रश्न विचारला तर तुमची खानावळ फार वर येते.

मात्र एक गोष्ट तुम्हालाही सांगायची आहे. विद्यापीठामुळं शहरात येणाऱ्या पैशात मुलांच्या खर्चाएवढाच, किंबहुना त्याहून भक्कम हिस्सा पगाराचा असतो. अनुदानित महाविद्यालयांतल्या कायम प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार राज्य सरकार देतं. म्हणजे मुंबईच्या तिजोरीतून दर महिन्याला कोल्हापुरात पैसा उतरतो, आणि निवृत्तीनंतर पेन्शनच्या रूपानं उतरत राहतो. गेली काही वर्षं निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि त्यांच्या तासांवर तासिका तत्त्वावर माणसं नेमली जातात. वर्ग तोच, विषय तोच, मुलं तीच. पण एका पूर्ण पगाराच्या जागी तासांवर मोजलेलं मानधन आलं, तेही सुट्टीत बंद. प्राध्यापक भरतीची बातमी आली की आपण ती शिक्षणाची बातमी म्हणून वाचतो. मला ती राजारामपुरीच्या बाजारपेठेची बातमी वाटते. माझ्या हाताखाली शिकलेली, सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली मुलं चाळिशीला आली तरी घरासाठी कर्ज काढू शकत नाहीत. त्यांनी बांधली असती ती घरं, घेतलं असतं ते फर्निचर, या शहरानं गमावलं. याबद्दल व्यापारी संघटनांनी सरकारकडं मागणी करायला हवी, फक्त प्राध्यापक संघटनांनी नव्हे.

तुमच्या मुलाला अजूनही पटलं नाही तर त्याला मार्च २०२० आठवायला सांगा. एमआयडीसीतल्या शेड काही महिन्यांत पुन्हा धडधडू लागल्या. कॉलेजं मध्ये थोडे दिवस उघडली आणि पुन्हा बंद झाली, ती नीट उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या काळात झेरॉक्सवाला, रूमची मालकीण, सायंकाळी अंडाबुर्जीची गाडी लावणारा, पुस्तकाचं बाइंडिंग करणारा, यांच्या हाताला काय होतं ते तुम्ही पाहिलंय. विद्यापीठ नसेल तर या शहराचं काय होईल हे समजायला तेवढा काळ पुरेसा होता.

प्रश्न : आम्ही चंदगड तालुक्यातले. वडिलांच्या हृदयाचं दुखणं निघालं. आम्हाला बेळगाव जवळ, पण कोल्हापुरात पाहुणे आहेत म्हणून तिकडं एका खासगी दवाखान्यात नेलं. वडील बरे झाले, देवाची कृपा. पण दोन म्हशी गेल्या, बायकोचं डोरलं गहाण पडलं आणि पाहुण्यांचं हातउसनं अजून फिटलेलं नाही. तुम्ही लिहिता, दवाखान्यांमुळं शहर वाढतं. वाचून पोटात कालवलं. आमच्या म्हशी विकून शहर वाढतं का?
— शेतकरी, चंदगड

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते गोड नाही. शिकायला आलेल्या मुलाचा पैसा आणि आजारी माणसाचा पैसा शहराच्या वहीत एकाच रकान्यात लिहिला जातो, पण माझ्या लेखी ते दोन वेगळे पैसे आहेत. मुलगा खर्च करतो तो उद्या काहीतरी हाती लागेल म्हणून. आजारी माणूस खर्च करतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो.

दवाखान्यात भरलेला पैसा कुणाच्या खिशातून आला, हे पाहिल्याशिवाय त्याला वाढ म्हणू नये. तुमचा पैसा चंदगडच्या गोठ्यातून कोल्हापूरच्या काउंटरवर आला. जिल्हा म्हणून पाहिलं तर इथं काहीच वाढलं नाही, एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला. उलट दोन म्हशी गेल्या म्हणजे गावातल्या डेअरीत रोज जाणारं दूध गेलं, त्याचं दहा दिवसांचं बिल गेलं, ज्या दुकानात ते बिल खर्च व्हायचं त्याचंही गिऱ्हाईक गेलं. सिंधुदुर्गातून घाट चढून आलेल्या रुग्णाचा पैसा कोल्हापूरच्या दृष्टीनं बाहेरचा असतो, पण तिकडच्या एखाद्या घराची ती आयुष्यभराची साठवण असते. हे सगळं शहराच्या प्रगतीत मांडून मोकळं होणं मला मान्य नाही.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कोल्हापुरात ही शस्त्रक्रिया होत नसती तर तुम्हाला बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली असती. पैसा तर गेलाच असता, वर राहण्या-जेवण्याचा खर्च, आणि वडिलांजवळ बसायला पाहुणे नसते. जिल्ह्याबाहेर जाणारा पैसा इथं थांबला, ही खरी कमाई आहे. तुमच्या बिलातलाही सगळा भाग इथं थांबत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची स्टेंटची नळी, औषधं, हृदयतपासणीच्या कॅथलॅबची यंत्रं, सगळं बाहेरचं. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. त्यानं रुग्णाचा खर्च कमी झाला आणि आपल्या शहराच्या पोटावर काही पाय आला नाही, कारण तो पैसा मुळात इथं राहतच नव्हता. राहतो तो डॉक्टरांच्या फीचा, नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, लॅबवाले यांच्या पगाराचा भाग.

आणि एक तिसरा खिसा आहे, सरकारचा. पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. आता तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. एखादी शस्त्रक्रिया या योजनेतून होते तेव्हा राज्याचा पैसा कोल्हापुरात येतो, इथल्या नर्सचा पगार निघतो आणि चंदगडच्या गोठ्यात म्हैस जागेवर राहते. दवाखान्यामुळं शहर वाढलं असं मी म्हणते तेव्हा मला ही वाढ हवी असते.

म्हणून पुढच्या वेळेसाठी, आणि गावात दुसऱ्या कुणाला लागलं तर सांगण्यासाठी, दोन गोष्टी लक्षात ठेवा. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, आणि हा उपचार योजनेत बसतो का हे थेट विचारा. दुसरी गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक न्यासाच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. त्यासाठी ही रुग्णालयं बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. कुणी टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज करा, तोंडी नको. आणि आमच्या थोरल्या दवाखान्याला, म्हणजे सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला), विसरू नका. संस्थानच्या काळात उभी राहिलेली ती दगडी इमारत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथं गर्दी आहे, थांबावं लागतं, व्हरांड्यात चटई टाकून नातेवाईक झोपलेले असतात, हे मी रोज पाहते. पण या शहरातल्या सगळ्या काचेच्या दवाखान्यांपेक्षा मला त्या इमारतीत एक खाट वाढली की जास्त आनंद होतो.

शेजारच्या मिरजेची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. रेल्वेचं जंक्शन असल्यानं कर्नाटकातून, लांबून लांबून रुग्ण येऊ लागले आणि दवाखान्यांचं गाव म्हणून मिरजेचं नाव झालं. त्याची सुरुवात मात्र परवडेल अशा उपचारांपासून झाली होती.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मोटारींची मागणी पडली की आमची लेथ बसून राहते. दवाखान्यांना मंदी नाही. अमेरिकेत पोलादाची शहरं दवाखान्यांवर आणि विद्यापीठांवर तरली असं ऐकलं. आम्हाला यातून काही मिळेल का?
— वर्कशॉपमालक, शिवाजी उद्यमनगर

तुम्ही ऐकलं ते पिट्सबर्गबद्दल असणार. तिथली पोलादाची भट्टी १९८० च्या दशकात थंड पडली. आज त्या शहरातल्या सर्वात उंच इमारतीवर, जी पोलाद कंपनीची म्हणूनच ओळखली जाते, विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालय समूहाची अक्षरं झळकतात. पण शहर तरलं म्हणजे भट्टीवरचा कामगार तरला असं नाही. भट्टीवरच्या माणसाला जो पगार मिळत होता तो रुग्णालयात चादरी बदलणाऱ्याला मिळत नाही. म्हणून शहर तरलं हे वाक्य मी जपून वापरते.

तुमच्या कामाचं उदाहरण क्लीव्हलंडचं आहे. तिथं मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठ एकाच भागात, आणि भोवती गरीब वस्ती. रुग्णालयांच्या चादरी धुवायला दूर जायच्या. २००९ मध्ये त्या वस्तीतल्या लोकांची सहकारी लाँड्री सुरू झाली. कामगारच सभासद, कामगारच मालक. सहकार म्हटल्यावर कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. वारणा आणि गोकुळ उभं करणाऱ्या जिल्ह्याला रुग्णालयांच्या कपड्यांची सहकारी धुलाई उभी करता येऊ नये, हे मला पटत नाही.

आता तुमची लेथ. खाटा, सलाईनचे स्टँड, ट्रॉल्या, स्ट्रेचर, व्हीलचेअरची दुरुस्ती, लॅबची रॅक, हॉस्टेलच्या कॉट आणि टेबलं, हे सगळं तुमच्या हुन्नरात बसतं. चादरी आणि गणवेशाचं कापड इचलकरंजीत विणता येतं. या वस्तू आपल्या जिल्ह्यातली रुग्णालयं आणि कॉलेजं कुठून आणतात, हे एकदा जाऊन विचारा. सरकारी रुग्णालयांकडून फार आशा ठेवू नका. त्यांची मोठी खरेदी मुंबईतून होते, आधी हाफकिन या सरकारी संस्थेमार्फत आणि २०२३ पासून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत. खासगी आणि न्यासाच्या रुग्णालयांत मात्र खरेदी अधिकारी इथंच बसतो. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, तुमची वस्तू त्यांत बसते का आणि नोंदणी लागते का ते माल बनवण्याआधी पाहा. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पण ते मागायला कागद हवा. नवीन खाटांच्या ऑर्डरमागं धावण्यापेक्षा दुरुस्तीचा वार्षिक करार आधी मिळवा, असा माझा सल्ला. यंत्र बंद पडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. उद्यमनगरातला माणूस अर्ध्या तासात पोचतो. तुमचं बळ तिथं आहे.

एक इशारा राहिला. अमेरिकेतलं रॉचेस्टर हे मेयो क्लिनिकचं गाव. १८८३ मध्ये चक्रीवादळानं गाव मोडलं, जखमींची व्यवस्था करताना रुग्णालयाची गरज कळली, १८८९ मध्ये मठवासिनींनी रुग्णालय उघडलं आणि मेयो पितापुत्रांनी ते नावारूपाला आणलं. आज सव्वा लाख वस्तीच्या त्या गावात जगभरातून रुग्ण येतात. पण सगळं गाव एका संस्थेच्या तब्येतीवर अवलंबून आहे. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाख ४९ हजार होती आणि इथं फौंड्री आहे, दूध आहे, साखर आहे, अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसं आहेत. हे असंच राहू दे. दवाखान्यांनी लेथची जागा घ्यावी असं मला वाटत नाही, लेथला काम द्यावं असं वाटतं.

प्रश्न : शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत दवाखाने वाढले. दारात गाड्या, रात्री रुग्णवाहिका. संस्थांना घरफाळ्यात सूट मिळते आणि आम्ही पूर्ण भरतो. मग शहराला काय मिळालं?
— रहिवासी, शाहूपुरी

शहरातल्या माणसांना मिळालं, महापालिकेला कमी मिळालं. केवळ धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतींना सर्वसाधारण करात सूट असते, खासगी नर्सिंग होमना नसते. पाणी, रस्ता, कचरा यांचा भार मात्र सगळेच टाकतात. त्यात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांतले पक्षकार आणि वकील सीपीआर चौकाच्या परिसरात येऊ लागले आहेत. तोही बाहेरचा पैसा आणि तीही गर्दी. बेंचसाठी या शहरानं अनेक वर्षं लढा दिला, तेव्हा त्याचं ओझं आनंदानं उचलू. तुमच्या गल्लीपुरतं सांगते. दवाखान्याच्या मंजूर नकाशात पार्किंग कुठं दाखवलंय ते नगररचना विभागातून माहितीच्या अधिकारात काढा. तळघरात पार्किंगऐवजी औषधाचं दुकान किंवा गोदाम असेल तर गल्लीतल्या सगळ्यांच्या सहीनं तक्रार द्या.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, नर्सिंग करायचं म्हणते. घरातले म्हणतात कोल्हापूरला ठेवून एवढा खर्च कशाला, गारगोटीतच बी.ए. कर. तुमच्या मते नोकरी लागेल का? नातेवाईकांत अजून ‘नर्स’ म्हटलं की नाकं मुरडतात.
— एक आई, गारगोटी

वहिनी, तुम्ही गारगोटीच्या आहात म्हणून आधी एवढंच सांगते. शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ ही शिक्षणसंस्था तुमच्या गावात आणली नसती तर गारगोटी आजही आठवडी बाजाराचं गाव राहिलं असतं. शिक्षणसंस्था गावाला काय देते हे तुमच्या घरातल्यांना दारातून दिसतं.

मुलीचं ऐका. वर ज्या पैशाची चर्चा केली, त्यातला शहरात टिकणारा मोठा वाटा नर्सच्या पगाराचा असतो आणि त्या पगारातला गावाकडं परत जाणारा भागही तिचाच असतो. माझ्या विद्यार्थिनींच्या घरांत मी पाहिलंय, धाकट्या भावंडांची फी नर्स झालेल्या बहिणीनं भरलेली असते. नाकं मुरडणाऱ्या घरातला माणूस आयसीयूत असतो तेव्हा रात्रभर जागी तीच असते. शासकीय नोकरी लागेलच असं वचन मी देणार नाही. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी कामाच्या मानानं फार कमी आहे, आणि रुग्णालयांच्या वाढीचं कौतुक करणाऱ्या आम्ही सगळ्यांनी त्याबद्दल बोललं पाहिजे. पण अनुभव आणि नोंदणी असलेली नर्स बसून राहत नाही.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो आणि परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची. जमत असेल तर बी.एस्सी.च करू द्या, पुढं शिकवायला किंवा परदेशी जायला ते कामी येतं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते पाहा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, किती खाटांचं आहे आणि त्या खाटांवर खरोखर रुग्ण असतात का, हे स्वतः वॉर्डात फिरून बघा. इमारत बघून प्रवेश घेऊ नका. शासकीय कॉलेजचा पर्याय फॉर्ममध्ये सर्वात वर ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो, त्यासाठी उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जून-जुलैत तहसीलमध्ये रांगा लागतात. हॉस्टेल आवारातच असेल तर उत्तम, कारण दुसऱ्या वर्षापासून रात्रपाळी सुरू होते. नसेल तर राजारामपुरीत खोली बघताना मला मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाका. वर पत्र लिहिणाऱ्या खानावळवाल्या ताईंसारख्या दोन-चार घरांची माझी ओळख आहे, मुलीला तिथं निर्धास्त ठेवता येईल.